लांडे साहेबांची सुपारी

"मॅडम, तुमच्या पक्षकारानं आमदाराची सुपारी घेतलीय," इन्स्पेक्टर मयेकर म्हणाले आणि त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला.

मी आधी मोबाइलकडे पाहिलं आणि मग भिंतीलगतच्या बाकावर बसलेल्या माझ्या पक्षकाराकडे. नामदेवराव खंडारे, अकोल्याच्या 'न्यू रणजित ब्रास बँड'चे मालक आणि बँडवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, कलप लावलेल्या मिशा. पोलीस ठाण्यात आणून बसवलेला माणूस जरा तरी अंग चोरून बसतो. हे मात्र टोपी गुडघ्यावर ठेवून असे ऐटीत बसले होते, जणू ठाणं त्यांनीच भाड्यानं दिलं होतं.

मी निरोप वाचला. संघटनेच्या ग्रुपवर खंडाऱ्यांनी स्वतःच टाकलेला होता.

'लांडे साहेबांची सुपारी घेतली आहे. रविवारी काम करायचे. एक पैसा घ्यायचा नाही. बाहेर कोणी बोलू नये.'

मला हसू आवरेना. मयेकर मूळचे सिंधुदुर्गाकडचे, अधिवेशनाच्या बंदोबस्तासाठी नागपूरला आलेले. पोलीस खात्यात उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाला सुपारी म्हटलं की एकच अर्थ दिसतो. ग्रुपमधल्या कुणीतरी तो निरोप भाच्याला पाठवला, भाच्यानं मित्रांना, आणि सकाळपर्यंत तो नियंत्रण कक्षात येऊन पोचला होता.

"अहो साहेब, बँडवाले लग्नाचं काम घेतात त्याला सुपारी घेणं म्हणतात. लांड्यांच्या मुलीचं रविवारी लग्न आहे. त्यात हे क्लॅरिनेट वाजवणार आहेत. गोळ्या झाडणार नाहीत."

"मी हेच सांगून रायलो तवापासून," खंडारे बाकावरून म्हणाले, "तर हे मलेच इचारतात, हत्यार कोठं हाय? म्हनलं, गाडीत हाय, पितळेचं हाय, फुकून दाखवू का?"

ठाण्यातले शिपाई खो खो हसायला लागले. मयेकरही हसले. मोबाइल परत घेताना त्यांनी निरोप पुन्हा एकदा वाचला आणि त्यांची भुवई वर गेली.

"पण मॅडम, हे 'एक पैसा घ्यायचा नाही' काय आहे? लांडे साहेब म्हणजे तुमच्या त्या आवाजाच्या विधेयकाच्या समितीचे अध्यक्षच ना?"

माझं हसू गेलं.

"खून नाही, म्हणजे माझा विषय संपला," मयेकर म्हणाले. "तुमचा सुरू झाला वाटतं."

आता तो विषय काय होता ते सांगते. त्या वर्षी मिरवणुकांमधल्या आवाजावर एक विधेयक आलं होतं आणि ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे होतं. डीजेच्या भिंतींना आळा घालायचा हा हेतू, आणि त्याला आमची ना नव्हती. पण व्याख्येच्या कलमात लिहिलं होतं, 'ध्वनिसंच म्हणजे मोठा आवाज करणारे कोणतेही साधन.' कोणतेही म्हणजे कोणतेही. त्यात ट्रम्पेट आलं, ढोल आला, सनईसुद्धा आली आणि विदर्भातले झाडून सगळे बँडवाले आले. रस्त्यावर बंदी आल्यावर बँड वाजवायचा कुठे, स्वयंपाकघरात? संघटनेनं मला नेमलं होतं ते 'कोणतेही'च्या आधी दोन शब्द घालून घेण्यासाठी. 'विजेवर चालणारे.' एवढे दोन शब्द बसले की डीजे आत आणि बँड बाहेर. नाही बसले तर हजारो घरांच्या चुली विझल्या असत्या. त्या दिवशी दुपारी समितीपुढे आमची साक्ष होती, आणि समितीत आमच्या बाजूनं उघडपणे बोलणारे एकटे अध्यक्ष लांडेच होते.

मी वकील, पण कोर्टात कमी आणि विधानभवनाच्या जिन्यांवर जास्त. कायदा ज्यांच्या डोक्यावर पडणार त्यांचं म्हणणं तो करणाऱ्यांच्या कानावर घालायचं, हा माझा धंदा. लोक त्याला दलाली म्हणतात. म्हणोत बापडे. जे मी आमदाराच्या कानात सांगते ते माइकवर सांगायचीही माझी तयारी असते, आणि दलालाची ती नसते. खंडाऱ्यांनाही पहिल्याच बैठकीत बजावलं होतं, की ज्याच्या हातात आपलं काम आहे त्याला चहासुद्धा पाजायचा नाही. त्यावर सगळ्या बँडमास्तरांनी माना डोलावल्या होत्या.

ठाण्यातून बाहेर पडलो आणि कोपऱ्यावर तर्री पोह्यांच्या गाडीपाशी मी त्यांना थांबवलं.

"मास्तर, हे काय करून बसलात?"

"लग्न वाजवून रायलो, वकीलबाई. अजून काय?"

"फुकट?"

"फुकट नाई. आहेर."

"कायद्याला आहेर कळत नाही. आज दुपारी तुम्ही ज्यांच्यापुढे हात जोडून दोन शब्द मागणार, त्यांच्या दारात रविवारी फुकट बँड. याला जगात एकच नाव आहे."

"मी काई मांगतलं का त्याईले? शब्द द्या मंग वाजवतो, असं म्हनलं का?"

"म्हणावं लागत नाही. म्हणून तर ती लाच असते."

त्यांनी पोह्यांची प्लेट गाडीवर ठेवली.

"आणि मला न सांगता? 'बाहेर कोणी बोलू नये' हे माझ्यासाठीच होतं ना?"

"तुमाले सांगतलं असतं तर तुमी नाई म्हनल्या असत्या."

"अर्थातच!"

"म्हून नाई सांगतलं."

मी इतकी चिडले होते की पोह्यांवर दोनदा तर्री ओतून घेतली आणि ठसका लागला. खंडाऱ्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "पैसे घेऊन टाका त्यांच्याकडून," मी खोकत खोकत म्हटलं. "ठरलेला दर लावा." ते टोपी झटकू लागले. "मास्तर, का नाही घेणार पैसे? कारण तरी सांगा."

"आहे कारण," एवढंच ते म्हणाले आणि टोपी घालून चालू लागले.

मी तडक आमदार निवासात गेले. दिनकरराव लांडे पलंगावर मांडी घालून मुरमुरे खात होते आणि समोर लग्नाच्या याद्या पसरलेल्या होत्या. माणूस दिलदार, आवाज मोठा, डोकं मात्र फार लवकर कशात न घालणारा. मी सगळं सांगितलं. सुपारीचं ऐकून ते पोट धरून हसले, आणि फुकटचं ऐकून त्यांच्या हातातले मुरमुरे हातातच राहिले.

"अवो, बँडबिंड सगळं आमच्या मेव्हण्यानं पाह्यलं. मले तर आता तुमच्याकडून समजून रायलं. थांबा, मेव्हण्याले फोन करतो, पैसे पाठवून देतो. झालं?"

"नाही झालं, साहेब. निरोप नियंत्रण कक्षात आहे. संध्याकाळपर्यंत चॅनेलवर येईल. आपण आधी सांगितलं तर तो खुलासा, दुसऱ्यानं सांगितलं तर भानगड."

"म्हणजे?"

"म्हणजे आज साक्ष सुरू व्हायच्या आधी मी समितीपुढे हे सांगणार आहे. तुम्हाला आधी कळावं म्हणून आले."

लांड्यांनी याद्या गोळा करून बाजूला ठेवल्या.

"बाई, तुमच्या बाजूनं समितीत एकटा मी आहो. आन तुम्ही मलेच खड्ड्यात ढकलता? नाफडेबाई टपून बसल्या आहेत, माहीत आहे नं?"

माहीत होतं. शैलजाताई नाफडे, समितीतल्या सगळ्यांत ज्येष्ठ सदस्य. स्वतः डॉक्टर. आवाज या गोष्टीशी त्यांचं उभं वैर होतं. बैठकीत कुणाचा मोबाइल वाजला तर त्या तो मागून घेऊन स्वतःच्या पर्समध्ये टाकत.

"तुम्ही आमच्या बाजूचे आहात म्हणूनच सांगते," मी म्हटलं. "उद्या हे दोन शब्द बसले आणि परवा कुणी म्हटलं की ते बँडच्या बदल्यात बसले, तर शब्दही जातील, बँडवालेही जातील. तुमचं काय होईल ते तुम्हाला जास्त कळतं."

त्यांनी मुरमुऱ्यांची ताटली बाजूला सारली. जाते म्हटल्यावर मान हलवली, पण दारापर्यंत सोडायला आले नाहीत. एरवी येत. मला वाईट वाटलं, पण पाऊल मागे घ्यावं असं काही वाटलं नाही. माझी खात्री होती, आणि अशा वेळी माझी खात्री सहसा चुकत नाही.

दुपारी समितीच्या खोलीत लांबलचक टेबलाभोवती सगळे सदस्य बसले होते. मधल्या खुर्चीत लांडे, त्यांच्या उजव्या हाताला शैलजाताई. आम्ही दोघं समोर. खंडाऱ्यांचा लाल कोट त्या पांढऱ्या झब्ब्यांच्या गर्दीत असा उठून दिसत होता की दारातला शिपाईसुद्धा त्यांच्याकडेच बघत होता.

"साक्षीआधी एक गोष्ट नोंदवून घ्यावी," मी उभी राहिले आणि सरळ सांगून टाकलं. सुपारी, निरोप, रविवार, फुकट. कुठे साखर लावली नाही. अध्यक्षांना याची कल्पना आज सकाळी माझ्याकडून आली, हेही सांगितलं.

खोलीत एकच गलका झाला. कुणी म्हणालं साक्षच रद्द करा, कुणी म्हणालं संघटनेला काळ्या यादीत टाका. एक जण तर, "सुपारी म्हणजे नक्की कोणती?" हेच विचारत राहिला. शैलजाताईंनी पेन टेबलावर आपटलं तसे सगळे गप्प झाले.

"वकीलबाई, तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. "मला यांच्याकडून ऐकायचंय. खंडारे, अध्यक्षांच्या घरी तुम्ही फुकट वाजवणार होता, हे खरं?"

"खरं हाय, ताई."

"या विधेयकासाठी?"

"नाई."

"मग कशासाठी? इतकी वर्षं बँड चालवताय. किती लग्नं फुकट वाजवलीत?"

"एकबी नाई."

"मग याच घरात का?"

खंडारे उभे राहिले. सकाळी पोह्यांच्या गाडीपाशी मी विचारलेला हाच प्रश्न होता. ते माझ्याकडे न बघता थेट शैलजाताईंशी बोलू लागले.

"ताई, मी पोरगा होतो तवापासून लग्नं वाजवून रायलो. माहा बाप वाजवे, त्याचा बाप वाजवे. नवरदेव मांडवात आनून सोडला का आमचं काम झालं. मंग आमी मांडवाच्या मांगं. पंगती उठल्या का मंग कोनी तरी येते, म्हनते, ए बँडवाले, या आता. उरलंसुरलं मांगच बसून खाचं, पैसे घ्याचे अन निंगाचं. कोनाची तक्रार नाई. धंदाच तसा हाय."

ते थांबले. कोटाचं वरचं बटण उगाच चाचपलं.

"या घरून पत्रिका आली. लग्नाची. हाती लिवलेली. साहेबाच्या पोरीनं लिवली, तिच्या मामानं सांगतलं. बँड ठरवाले मामा आलता, तवा ती संगं होती. तिनं मले नाव इचारलं, गाव इचारलं. मले वाटलं, पावतीसाठी इचारते. मंग पत्रिका आली. श्री. नामदेवराव खंडारे आनि परिवार." ते पुन्हा थांबले. "ताई, परिवार लिवलं होतं. इतक्या लग्नात वाजवलं, पन लग्नाले बलावलं कोनीच नोतं. घरी सांगतलं तर आमच्या मंडळीनं नवं लुगडं काहाडून ठेवलं. आता जेथी पावना म्हून बलावलं, तेथी पैसे कसे घ्याचे? पावना काई रिकाम्या हातानं जात नाई. मले वाजवता येते, दुसरं काय नेऊ?"

मी टेबलाकडे बघत बसले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि साक्षीदाराच्या वकिलानं समितीपुढे रडणं बरं दिसत नाही. सकाळी मी या माणसाला लाच म्हणजे काय ते शिकवलं होतं. ते शिकवणं चूक नव्हतं. आजही मी तेच म्हणेन. त्या दुपारी मात्र बरोबर असण्याचा मला जराही आनंद झाला नाही.

"आमची पोरगी कावेरी असंच करते," लांडे हळूच पुटपुटले. "सगळ्याईचे नावं इचारते." आणि मग ते उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला.

"या कलमाचं जे काय ठरवाचं ते तुम्ही ठरवा. यांच्या पोटापाण्याचा प्रश्न माह्या घरच्या लग्नात अडकून नाही पडला पाहिजे. मी बाहेर बसतो. शैलजाताई, तुम्ही या इथं."

आमची एकमेव बाजू दारातून बाहेर चालली होती आणि आवाजाच्या वैरीण अध्यक्षांच्या खुर्चीवर बसत होत्या. हे मीच ओढवून घेतलं होतं. पण आता मागे फिरायचं नाही एवढं मला पक्कं माहीत होतं, म्हणून मी उठून मुद्दे मांडायला सुरुवात केली. 'कोणतेही साधन' म्हणाल तर देवळातली घंटा येईल, शाळेतली येईल, इतकंच काय, सत्यनारायणाच्या पूजेतला शंखही येईल.

शैलजाताईंनी मला हात करून थांबवलं.

"शंखाचं राहू द्या. माझ्या दवाखान्यावरून वराती जातात. आत बाळंतीण असते, नुकतं ऑपरेशन झालेला म्हातारा असतो. बाहेर तुमचा बँड. मी त्या म्हाताऱ्याला काय सांगू, याला वीज लागत नाही?"

हा प्रश्न मला होता, पण उत्तर खंडाऱ्यांनी दिलं.

"ताई, तुमी कधी बाहेर येऊन हात दाखवला का?"

"म्हणजे?"

"असा." त्यांनी पंजा वर केला. "बँडवाल्याले असा हात दाखवला का तो थांबते. मी थांबलो का माहे सगळे थांबतात. मानूस हाय, डोळे हायेत. डीजेले थांबवाचं म्हनलं तर आधी त्याचा मालक शोधा लागते, तो सापडला तर वायर शोधा लागते. तवरक म्हातारा गेला असते, ताई."

एक सदस्य फिसकन हसला. शैलजाताई हसल्या नाहीत. त्यांनी समोरचा मसुदा जवळ ओढला. मग म्हणाल्या, "दवाखान्यासमोर हात दाखवायची वेळ येता कामा नये. आपोआप बंद. दवाखाना दिसला की बंद, आणि ओलांडला की मग काय वाजवायचं ते वाजवा. लेखी देणार?"

"लेखी कायले, कायद्यातच लिवून टाका."

"लिहून घ्या," त्या सचिवांना म्हणाल्या. "दवाखान्यासमोर सर्व वाद्ये बंद. आणि व्याख्येत 'कोणतेही'च्या आधी, 'विजेवर चालणारे'. कुणाची हरकत?"

हरकत घ्यावी असं एक-दोघांच्या मनात असावं, पण शैलजाताईंचं पेन अजून हातात होतं. अध्यक्ष खुर्चीत बसून आमच्या बाजूनं बोलले असते तर ते दोन शब्द इतक्या सहज बसले असते की नाही, मला शंका आहे. पुढे सभागृहातही त्या शब्दांना कुणी हात लावला नाही, कारण बोट दाखवायला जागाच ठेवली नव्हती.

बाहेर आलो तर लांडे व्हरांड्यातल्या बाकावर एकटेच बसले होते. अंगरक्षकही दूर पाठवलेला. आम्हाला बघून उठले.

"काय झालं?"

"दोन्ही शब्द बसले," मी म्हटलं. "आणि दवाखान्यासमोर बँड बंद."

"हे बेस झालं." त्यांनी रुमालानं मान पुसली. मग खंडाऱ्यांच्या समोर येऊन उभे राहिले.

"मास्तर, माहं तुमचं आता काई काम राह्यलं नाही. म्हणून मोकळ्या मनानं सांगतो. वाजवण्याचे पैसे पूर्ण घ्या, त्यात एक रुपया कमी नको. आन पत्रिका आलेली आहे, तर मंडळीला घेऊन लग्नालेही या. दोन्ही होऊन जाईल. काय?"

खंडाऱ्यांनी टोपी काढली. माझ्या ओठांवर आलं होतं की साहेब, विधेयक सभागृहात मंजूर होईपर्यंत जरा थांबा. पण मी बोलले नाही.

"येतो साहेब," ते म्हणाले. "जोड्यानं येतो, पोराइले घेऊन येतो. पन वाजवाले दुसरा बँड सांगा."